"रोग आल्यावर बघू" हे म्हणणं किती रुपयांना पडतं

भाऊ, तुमचा प्रश्न असा की 12 एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी आणि चार कालवडी आहेत, गेल्या वर्षी रोग येऊ नये म्हणून 38 हजार रुपये घातले (पावडरी 14, फॉगर आणि गोचिडाची फवारणी 11, सडाचं डीप (धार काढल्यावर सड बुडवायचं जंतुनाशक) 6, जंतुनाशक 4, बाकी टेस्ट आणि सुया वगैरे 3), आणि वडील म्हणतात एवढा पैसा कशाला, रोग आला की डॉक्टर बोलावू. वर आता अजून दोन गायी घ्यायच्यात. मी 22 वर्षं गावोगाव जनावरांची प्रॅक्टिस करतोय, सगळी ऊसपट्ट्यातली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. थोडक्यात सांगायचं तर खर्च परवडतो, पण तुमच्या 38 हजारातला जवळजवळ निम्मा चुकीच्या जागी गेलाय.

आधी वडिलांचा हिशोब कुठं चुकतो ते बघू, कारण तो बऱ्याच जणांचा चुकतो. आपण रोगाचा खर्च म्हणजे डॉक्टरचं बिल आणि मेलेलं जनावर एवढंच धरतो. लाळ-खुरकूत मोठ्या गायीला सहसा मारत नाही, वासरं जातात, मोठी गाय आठ-दहा दिवस तोंडाला लाळ, पायात जखमा, मग हळूहळू उठते आणि आपण म्हणतो सुटलो बाबा. खरं नुकसान तिथून पुढं सुरू होतं आणि त्याची पावती कुणी देत नाही.

तुमच्याच गायीचा आकडा मांडू. 14 लिटरवर चाललेली गाय, दूध 34 रुपये धरू (तुमच्या डेअरीचा दर वेगळा असेल तर तो घाला). लाळ-खुरकूत झाली, 20 दिवस दूध 6 लिटरवर आलं म्हणजे रोज 8 लिटर गेलं, झाले 160 लिटर. त्यानंतर ती परत 14 वर येत नाही, 11 वर अडकली आणि वेत संपेपर्यंत 150 दिवस तशीच चालली असं धरा, म्हणजे अजून 450 लिटर. एकूण 610 लिटर, 20,740 रुपये. आता प्रामाणिक हिशोब करायचा तर दूध कमी म्हणजे पेंडही कमी, लिटरमागं 400 ग्रॅमने 244 किलो पेंड वाचली, 32 रुपयांनी 7,808, ती वजा केली तर निव्वळ 12,932 रुपये राहतात. उपचाराचे 2,500 धरा. मग येतो माज. ताप येऊन गेलेली गाय दोन-तीन माज चुकवते किंवा उलटते (रेतन करूनही गाभण राहत नाही), 60 दिवस जास्तीचे रिकामे गेले आणि रिकाम्या दिवसाला 150 रुपये जरी धरले तरी 9,000. सगळं मिळून एका गायीमागं 24,432 रुपये. 12 मधल्या 7 गायींना झालं तर 1 लाख 71 हजार, आणि एकही गाय मेलेली नाही! काही गायी नंतर उन्हाळ्यात धापायला लागतात, अंगावर केस वाढतात, गाभणच राहत नाहीत, ते यात धरलेलंच नाही.

आता दुसरी बाजू. लाळ-खुरकुताची लस सरकारी मोहिमेत फुकट आहे, दर सहा महिन्यांनी. 2019 च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने जो राष्ट्रीय कार्यक्रम काढला त्याला पाच वर्षांसाठी 13,343 कोटी रुपये ठेवले होते, लाळ-खुरकूत आणि ब्रुसेला (गाई गाभडवणारा रोग) या दोन रोगांसाठी मिळून. तरी लोक गाय लपवतात किंवा "उद्या या" म्हणतात, का? कारण लस टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध कमी होतं. खोटं नाहीये ते, होतं कमी. पण किती? दीड लिटर, तीन दिवस, वर्षातून दोनदा, 34 ने 306 रुपये गायीला. 12 गायींचे 3,672, त्यात सुया आणि किरकोळ धरून 4,500 म्हणा. लसीची खरी किंमत ही आहे, बाटलीची नव्हे, आणि शेतकऱ्याच्या डोक्यात हीच असते म्हणून मी ती नाकारत नाही. फक्त भागाकार करा. 1 लाख 71 हजार भागिले 4,500 म्हणजे 38. रोग 38 वर्षांतून एकदा आला तरी लस फिटली. लस शंभर टक्के थांबवत नाही म्हणता? बरोबर, निम्मंच नुकसान वाचवते असं धरा, तरी 19 वर्षांतून एकदा. तुमच्या शेजाऱ्याकडं याच दिवाळीत येऊन गेला म्हणालात ना, मग वडिलांना फक्त एवढंच विचारा की गेल्या 19 वर्षांत गावात किती वेळा आला.

वासरांना पहिला डोस चौथ्या महिन्यात आणि महिन्याने बूस्टर, हा बूस्टरच सगळे चुकवतात. आणि लस टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी संरक्षण नसतं, दोन-तीन आठवडे जातात. आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन दिवाळीच्या पुढं-मागं उतरतात, लांब लांबच्या गावातले बैल एका कारखान्याच्या आवारात आणि एकाच हौदावर येतात, म्हणून आपला डोस सप्टेंबरअखेर व्हायला पाहिजे. बैल शेजारच्या फडात आल्यावर टोचून घेणं म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर पत्रा टाकायला चढणं. (त्या टोळ्यांचे बैलही टोचलेले असावेत म्हणून कारखान्याने तळावरच शिबिर घेतलं तर आख्ख्या पट्ट्याचं भलं होतं, दोन ठिकाणी मी स्वतः केलंय, एका सकाळचं काम आहे.)

आता जे दिसत नाही त्याच्याकडं येऊ, कारण वर्षाच्या हिशोबात मला लाळ-खुरकुतापेक्षाही दगडीची, म्हणजे कासेच्या रोगाची, भीती जास्त वाटते. सुजलेली कास, दुधात गुठळ्या, ती दगडी तुम्हाला कळते. छुपी दगडी कळत नाही. कास मऊ, दूध पांढरं, फॅटही लागते, आणि गाय रोज दीड लिटर कमी देत असते. दीड लिटर म्हणजे 51 रुपये, 200 दिवसांत 10,200 रुपये एका गायीचे. आणि इथं एक गोष्ट बघा, लाळ-खुरकुतात आपण पेंड वजा केली होती, इथं वजा होत नाही, कारण नुकसान दिसतच नाही तर पेंड कोण कमी करणार? ती 14 लिटरचंच खाते आणि साडेबारा देते. डेअरीच्या दहा दिवसाच्या बिलात हे कुठंच लिहिलेलं नसतं. म्हणून महिन्यातून एकदा ते निळं-जांभळं सीएमटीचं (छुपी दगडी ओळखायच्या टेस्टचं) द्रावण आणि चार खणाचा पॅडल घेऊन प्रत्येक सडाची धार तपासा, दूध चिकट जेलीसारखं झालं की त्या सडात गडबड. बाटली वर्षभर पुरते, 700 रुपयांत भागतं.

सडाच्या डीपला तुम्ही 6 हजार घातले म्हणजे एकतर एकाच वेळेला करता किंवा पाणी घालून पातळ करता. गायीला दिवसाला 3 रुपये धरा, दुधाचे 300 दिवस, 900 रुपये, 12 गायींचे 10,800. म्हणजे वर्षात एका गायीची छुपी दगडी टळली की डीपचे पैसे जवळपास निघाले, दुसरी टळली की फायदा. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास उघडं असतं, डीप लावून लगेच गव्हाणीत वैरण टाका म्हणजे गाय तेवढा वेळ उभी राहते, खाली बसत नाही. ह्या वैरणीच्या युक्तीला एक रुपया लागत नाही आणि तरीही दहातले आठ गोठे ती करत नाहीत. भाकड करताना चारही सडांत डॉक्टरच्या सल्ल्याने ड्राय ट्यूब (भाकड काळात सडात सोडायचं औषध), एक ट्यूब 130 धरली तर गायीला 520, बारांचे 6,240. आणि मशीनने धार काढत असाल तर लायनर (सडावर बसणारी रबरी नळी) वेळेवर बदला, रोगट गाय सगळ्यात शेवटी. दगडी झाल्यावर उपचार करायचा म्हटलं तर ट्यूबा आणि सलाईन वेगळं, वर औषध चालू असताना आणि नंतरचे काही दिवस दूध ओतून द्यावं लागतं. ते ओतून द्याच, डेअरीला घालू नका, तुमच्या एका बादलीने आख्खा टँकर अँटिबायोटिकवर नापास होऊ शकतो.

आता तुमचे चुकीच्या जागी गेलेले पैसे. 14 हजाराच्या "इम्युनिटी" पावडरी. भाऊ, एकाही पावडरीने लाळ-खुरकूत किंवा ब्रुसेला थांबत नाही. खनिज मिश्रण द्या, ते खाद्याचा भाग आहे, त्याचा हिशोब खाद्यात धरा. बाकीचे डबे बंद करा. फॉगरही तसाच, बंद हॉलमध्ये ठीक, तुमचा गोठा तीन बाजूंनी उघडा आहे, धूर वाऱ्यावर जातो.

गोचिडाचं मात्र काळजीने सांगतो. गोचीड ताप संकरित गाईला मारू शकतो, ताप, लघवी कधी कॉफीसारखी, डोळे पांढरे पडतात, त्यातला थायलेरिया असेल आणि बुपारव्हाक्वोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर वाचते पण महाग आहे आणि दूध महिनाभर मागं जातं. त्यामुळं गोचिडावर खर्च करायचाच, फक्त गायीच्या अंगावर दर आठवड्याला फवारून नाही. तुम्हाला अंगावर दिसतात ते थोडे, बाकीचे भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या खाली, दगडांच्या सांध्यात अंडी घालून बसलेत. भेगा सिमेंटने बुजवा, फ्लेम गनने कोपरे भाजून घ्या (वैरण लांब ठेवून), चुना मारा, आणि मुक्त गोठ्यात दहा-बारा देशी कोंबड्या सोडा, त्या दिवसभर टिपतात. अंगावरची फवारणी त्याच्या जोडीला, औषध बदलून बदलून, लेबलवर लिहिलंय तेवढंच. एकच औषध दर आठवड्याला मारलं की दोन वर्षांत गोचीड त्याला दाद देत नाही आणि मग तुम्ही दुप्पट मात्रा घालता, हे मी फार गोठ्यांत बघितलंय. प्रतिबंधाचा पहिला हजार रुपया खूप रोग अडवतो, दहावा हजार थोडासाच, म्हणून कुठं थांबायचं ते ठरवणं हाच सगळा हिशोब आहे.

जंतुनाशकाच्या 4 हजारात बहुतेक फिनाईल असणार. लाळ-खुरकुताच्या विषाणूवर फिनाईलपेक्षा साधा धुण्याचा सोडा चांगला चालतो, लिटरला 40 ग्रॅम, म्हणजे चार टक्के. गोठ्याच्या दारात पाय बुडवायला एक उथळ टब, त्यात हे पाणी, पण आधी चप्पल-बुटाचं शेण धुवायचं कारण शेणाच्या थराखाली काही पोचत नाही. दूध गोळा करणारा, पशुखाद्याचा माणूस, कृत्रिम रेतन करणारा, आणि मीसुद्धा, चार गोठे करून तुमच्याकडं येतो. मला दारात थांबवून पाय धुवायला सांगा, मला अजिबात राग येत नाही. सोडा आणि चुन्याला वर्षाला दीड हजार पुरतात.

तर बेरीज बघा, डीप 10,800, ड्राय ट्यूब 6,240, गोचीड 6,000, सोडा-चुना 1,500, सीएमटी 700, सुया वगैरे 800, झाले 26 हजार आणि वर थोडे. 12 हजार वाचले आणि गोठा पहिल्यापेक्षा सुरक्षित. घटसर्प आणि फऱ्याच्या लशी पावसाच्या आधी मे-जूनमध्ये, लम्पीची वर्षातून एकदा, या दवाखान्यातून होतात, तारीख चुकवू नका एवढंच.

एक गोष्ट मात्र तुमच्या एकट्याच्या खिशातून होत नाही. गावातल्या साधारण 80 टक्के जनावरांना लस असेल तर लाळ-खुरकुताला पसरायला जागा उरत नाही, पण तुम्ही टोचलं आणि शेजारच्या चार घरांनी नाही तर तुमच्या गोठ्यावर विषाणूचा मारा होतच राहतो. उलट शेजाऱ्याने टोचलं नाही तरी तुमच्या लशीचा थोडा फायदा त्याला फुकट मिळतो, म्हणून तो म्हणतो मी कशाला दूध कमी करून घेऊ. प्रत्येकाचा एकेकट्याचा हिशोब बरोबर आणि गावाचा चुकीचा, अशी ही भानगड आहे, आणि म्हणूनच लस सरकारने फुकट दिली पाहिजे आणि सगळ्यांना एकाच आठवड्यात टोचली पाहिजे. हे होतं, झालेलं आहे. बुळकांडी (गुरांचा जुना साथीचा रोग) आठवते का वडिलांना विचारा, दावणीच्या दावणी रिकाम्या व्हायच्या. वर्षानुवर्षं गावोगाव टोचून 1995 नंतर देशात एकही केस नाही, 2006 मध्ये भारत मुक्त जाहीर झाला आणि 2011 मध्ये सगळं जग. आज त्या रोगाच्या लशीवर, औषधावर कुणाचा एक रुपया खर्च होत नाही. एकदा मुळासकट काढलेल्या रोगाचा फायदा दरवर्षी मिळत राहतो, कायमचा.

ब्रिटनमध्ये 2001 ला लाळ-खुरकूत आला तेव्हा त्यांनी 60 लाखांहून जास्त जनावरं मारली, सगळा मिळून खर्च 8 अब्ज पौंडांच्या घरात गेला. पण तिथं मारलेल्या जनावराची भरपाई मिळत होती, म्हणून शेतकरी रोग कळवत होता. आपल्याकडं मारून रोग थांबवणं शक्यच नाही, गोवंश हत्याबंदी आहे, आणि रोगट गाय सांभाळायची म्हटलं तर रोजचं खाणं कोण देणार? मग ती गाय कुठं जाते? बाजारात. 2022 च्या लम्पीत सरकारने मेलेल्या दुभत्या गायीला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार दिले, त्यामुळं निदान लोक कळवायला पुढं आले, पण 90 हजाराच्या गायीला 30 हजार म्हणजे बाकीचे 60 मालकाचेच गेले. विमा उतरवलेला बरा, टॅग मात्र कानात हवा, पण साधी पॉलिसी जनावर मेल्यावर पैसे देते, आटलेल्या दुधाचे आणि चुकलेल्या माजाचे नाही, आणि वर आपण बघितलंच की खरे पैसे तिथंच जातात.

म्हणून तुमच्या दोन नव्या गायींचं बोलतो, माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महागडा भाग तोच आहे. माझ्याच भागातला एक गोठा, नाव घेत नाही. 9 गायी होत्या. 90 हजाराच्या तोलाची गाय 72 हजाराला मिळाली म्हणून घेतली, दलालाने सांगितलं मालकाला पैशाची नड आहे. ती सातव्या महिन्यात गाभडली. पडलेलं वासरू आणि वार त्याने उघड्या हाताने ओढून काढून उकिरड्यावर टाकलं. पुढच्या 14 महिन्यांत 9 पैकी 5 गायी गाभडल्या. रक्त तपासलं, ब्रुसेला. तोपर्यंत त्याला स्वतःला संध्याकाळी ताप आणि कंबर-सांधे धरायला लागलेले, टायफॉईड म्हणून तीन ठिकाणी औषध झालं, शेवटी ब्रुसेलाच निघाला, सहा आठवडे गोळ्या आणि वर्षभर अंगात काम करायची ताकद नाही. 18 हजार वाचवले होते त्याने. त्याच्या बायकोने गोठ्यातली सगळी कामं एकटीने ओढली ते वर्ष, ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून हा रोग मला आकड्यात मांडायला जड जातो.

यावर लस आहे, कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात आयुष्यात एकदाच, सरकारी आणि फुकट. फक्त मादी वासरं, आणि लस जिवंत जंतूंची असल्याने टोचणाऱ्याने हातमोजे आणि चष्मा घालायचाच, मदतीला धरणाऱ्यानेही लांबून धरावं. तुमच्या चार कालवडींचं वय बघून या आठवड्यात दवाखान्यात नाव द्या, आठ महिने उलटले की ही संधी गेली.

आणि गायी घेताना बाजारात न घेता शक्यतो गोठ्यावर जाऊन घ्या, त्या गोठ्यात गेल्या दोन वर्षांत किती गाभडल्या, किती उलटल्या ते मालकालाच नाही, त्या गावातल्या रेतन करणाऱ्यालाही विचारा. बयाना देताना अट घाला की रक्ताची ब्रुसेला टेस्ट निगेटिव्ह आली तरच उरलेले पैसे, आणि सीएमटी त्यांच्यासमोरच चारही सडांवर करा. ज्याचा माल चांगला आहे तो तयार होतो, जो चिडतो त्याच्या दारातून परत या. आणल्यावर 30 दिवस वेगळं बांधायचं, जागा नाही म्हणू नका, तुमच्या विहिरीकडच्या लिंबाखाली पत्र्याचा आडोसा करता येईल, बादली, दावं, गव्हाण वेगळी, धार सगळ्यात शेवटी, आणि तिच्याकडून येऊन जुन्या गायींकडं जायचं नाही. मधल्या काळात लाळ-खुरकुताची लस, गोचिडाची फवारणी, जंताचं औषध उरकून घ्या. गाभण गाय घेतलीत तर ती विते तोपर्यंत वेगळीच ठेवा, कारण ब्रुसेला कधी कधी पहिल्या टेस्टला सापडत नाही आणि विल्यावरच उघडा पडतो, म्हणून विल्यानंतर तीन आठवड्यांनी परत रक्त द्या. तोपर्यंत तिचं कच्चं दूध घरात कुणाला, विशेषतः पोरांना, देऊ नका, उकळूनच.